कातड्यावर कातडं

डब्लिन, १२ जून १९८३

प्रिय नेसा,

तुमच्या उत्सव समितीचं निमंत्रण पोहोचलं. वर लिहिलंय, 'आदरणीय प्राध्यापक कोल्मान'. बेटावर मला कुणी आदरणीय म्हटल्याचं आठवत नाही, म्हणून पाकीट दुसऱ्या कुणाचं तर नाही ना, ते दोनदा उलटून पाहिलं. खाली चिटणीस म्हणून तुझी सही दिसली तेव्हा उलगडा झाला. सख्खी बहीण कागदावर भावाला आदर देते, समोर देत नाही.

तर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, नव्या बटाट्यांच्या दिवशी, वेल्स, ब्रिटनी, स्कॉटलंड आणि मॅन बेटावरचे समस्त भाऊबंद इनिशवर्नाच्या धक्क्यावर गोळा होणार, पावे वाजणार, दार काढून जमिनीवर टाकून त्यावर नाच होणार, आणि या सगळ्याच्या मध्ये मी शाळेच्या खोलीत संस्कृत आणि आयरिश या दोन भाषांचं नातं उलगडून सांगायचं. येतो. माझ्या वर्गात यंदा तीन विद्यार्थी आहेत. त्यांतला एक केवळ खोलीतली शेगडी चांगली आहे म्हणून येतो. बेटावर निदान कुत्री तरी बसतील.

मूर्नाचंही पत्र आलंय. मुलींच्या शर्यतीत तिला बापाची होडी न्यायची आहे, आणि आई नाही म्हणते, तर मामानं आईला समजवावं, असा एकूण मजकूर आहे. टायगला जाऊन बारा वर्षं होतील. बुडालेल्याची होडी कुणी पाण्यात घालत नाही, ती पालथी पडून आपोआप मातीत जाते, हे मलाही माहीत आहे. मी बेट सोडलं असलं तरी बेटानं मला सोडलेलं नाही. पण पोरगी तेवीस वर्षांची आहे, खांदे बापाचे आहेत, आणि हट्ट तुझा आहे. तुझं काय म्हणणं?

तुझा आदरणीय,
कोल्मान


इनिशवर्ना, २० जून

दादा,

माझं म्हणणं नाही. तिला तसं लिही.

कारण विचारलं तर रीत आहे म्हण. तुझं ती ऐकते. माझं ऐकायचं तिचं वय सरलं. रोज संध्याकाळी ती उत्तरेच्या वाळूवर जाते आणि त्या पालथ्या होडीवर बसून राहते. परवा वाऱ्यानं उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड काढून बाजूला ठेवले. मी जाऊन परत ठेवले. काल तिनं पुन्हा काढले.

बार्टली तिला आपली होडी द्यायला तयार आहे. सगळ्या बेटाच्या होड्या त्यानं बांधल्यात, त्याची स्वतःची सर्वांत हलकी. ती नको म्हणते. म्हणते, बाबांनी शर्यतीसाठी बांधली होती आणि एकही शर्यत न करता ती कुजते आहे.

शर्यत बंदरातल्या पाण्यात नाही, दादा. काळ्या खडकाला वळसा घालून यायचं आहे. तिथलं पाणी तू विसरला नसशील.

थट्टा न करता लिही, एवढं कर.

नेसा


डब्लिन, २७ जून

प्रिय नेसा,

थट्टा न करता लिही म्हणतेस. म्हणजे मला लिहू नकोस असंच म्हण. तरी प्रयत्न करतो.

पूर्वपक्ष असा, की बुडालेल्याची होडी कुणी नेऊ नये. का? तर ती त्याची आहे. ठीक. मग मी विचारतो, 'कुणी' म्हणजे कोण? परक्यानं. पोटची पोर परकी कशी झाली? आजोबांच्या काळात एका पोरानं बुडालेल्या बापाची होडी घेतली होती आणि म्हातारा होऊन अंथरुणात मेला. हवं तर बार्टलीला विचार. आता राहिलं कातडं, लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं ते डांबरी कापड. बुडालेल्याच्या होडीवरचं कापड सोलायचं नाही, ते त्याचं कफन, हे मात्र मी लहानपणी याच कानांनी ऐकलं आहे. मान्य. कोण सोलतंय? जुन्या कापडावर नवं कापड ताणायचं, वर डांबराचे तीन हात द्यायचे. रीतही अभंग, होडीही तरंगती. धर्मशास्त्रात असल्या पाचशे पळवाटा दाखवीन. कित्येक शास्त्र्यांच्या संसाराची चूल त्यावर पेटली.

हे मी मूर्नाला लिहूनही टाकलं. रागावू नकोस. तू घाबरतेस ते मला कळतं. ज्या समुद्रानं नवरा नेला त्यावर मुलगी जाताना पाहणं सोपं नाही. पण भीतीला रीतीचा झगा घालून उभं करू नये, एवढंच माझं मत.

आणि टायग काय म्हणाला असता सांग. तो तर पहिल्यांदा हसला असता. तुझ्या गाढवगाडी हाकण्यावर त्यानं जे गाणं रचलं, 'नेसाची गाडी मागे मागे, भिंतच म्हणते बाजूला व्हा गे', ते अजून लग्नांत म्हणतात ना? त्या माणसाच्या होडीनं शर्यत हरली तरी त्याला चालेल, पण कुजलेली चालणार नाही.

इत्यलम्.

कोल्मान


इनिशवर्ना, ८ जुलै

मामा,

तुला शंभर वर्षं आयुष्य! आईला तुझं पत्र दाखवलं. तिनं वाचलं, घडी घातली, आणि 'कापड सोलणार नाहीस ना?' एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर पत्र परत दिलं.

मी, ग्रोन्या आणि ओर्ला, तिघींनी मिळून होडी उलटवली. आतून नुसती काळीभोर, डांबरावर डांबर, आणि बसायच्या फळीखाली एका चिमणीचं घरटं. घरटं काढून भिंतीवर ठेवलं. मग वरून नवं कापड ताणलं, खिळे मारले, डांबर फासलं. माझे हात अजून काळे आहेत, पत्रावर ठसे उठले तर समजून घे.

बार्टली लांब उभा राहून चिलीम ओढत होता. हात लावला नाही. शेवटी बोलला, "पोरी, होडी झाकायची तर आधी उघडायची असते. कातड्याखालच्या पट्ट्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी खिळा मारत नाही."

मी म्हटलं, "सोलायचं नाही ही तुमचीच रीत ना?"

"आमचीच. आणि न्यायची नाही हीसुद्धा आमचीच. तुझ्या मामानं अर्धीच वाचलेली दिसते."

म्हणाला आणि गेला. म्हातारा जळतो मेला, कारण होडी त्याच्याहून देखणी दिसतेय.

बंदरात दोनदा वल्हवून पाहिली. बाण आहे बाण! फक्त नाक जरा मऊ वाटतं, लाट आली की मान डोलवल्यासारखं होतं. आणि उलटी करून डोक्यावर घेऊन चाललो की पुढच्या टोकाला टक् टक् असा बारीक आवाज येतो, दात हलतो तसा. ग्रोन्या म्हणते, तुझे बाबा आतून दार वाजवतायत. तिला मी चिखलात ढकलली.

आई काल एकटीच आली होती. होडीच्या नाकावरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिली. मी वरच्या वाटेवरून पाहत होते. मला वाटतं, तिचाही राग निवळतोय.

शर्यतीला ये. तुझ्यासाठी पहिल्या रांगेतला दगड राखून ठेवते.

मूर्ना


इनिशवर्ना, १५ जुलै

दादा,

एक विचारते. तुमच्या त्या ग्रंथांत काय लिहिलंय? एखाद्यानं एक वस्तू मोडली आणि ते लपवलं. पुढे त्यातून मोठं काही घडलं, किंवा घडलं नसेलही, कुणाला कळलं नाही. त्यानं बोलावं का? बोलल्यानं मेलेलं परत येत नसेल तरीही?

फादरना विचारणार नाही. फादर माझ्याकडे जेवायला येतात.

उत्सवाची कामं खूप आहेत. वेल्सची माणसं सोळा येणार, झोपायला जागा बारांची आहे.

नेसा


डब्लिन, २० जुलै

प्रिय नेसा,

तुझ्या प्रश्नानं मी हादरलो. आपल्या घरात धर्मजिज्ञासा! काय मोडलंस? आईचा निळा जग? तो मीच मोडला होता, एकोणीसशे एक्केचाळीस साली, आणि मार तू खाल्लास. त्याबद्दल माझा अंतरात्मा मला आजतागायत खात नाही, त्यावरून माझ्या सल्ल्याची किंमत ठरव.

ग्रंथांत प्रायश्चित्तं भरपूर आहेत: उपवास, शेण, गोमूत्र, थंड पाण्यात उभं राहणं. शेवटचं बेटावर रोजच घडतं. पण सगळ्या ग्रंथकारांचं एका बाबतीत एकमत आहे, की लपवलेलं पाप वाढतं आणि बोललेलं कमी होतं. तेव्हा बोलून टाक. माझ्याजवळच बोल. बोटीवरून पाय खाली ठेवताक्षणी सर्व बेटासमोर तुला क्षमा जाहीर करीन, मग तू मला चहा दे. सौदा पक्का?

चार ऑगस्टला डब्लिन सोडतो, पाचला शुक्रवारच्या बोटीनं पोहोचतो.

कोल्मान


इनिशवर्ना, २८ जुलै

दादा,

वाचून झालं की हे जाळ. फोनवर बोलले असते, पण टपाल कचेरीतल्या फोनला सगळ्या बेटाचे कान आहेत. उद्याच्या बोटीनं टाकते, सोमवारी तुझ्या हातात पडेल.

बारा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातला गुरुवार. मी शेवाळानं भरलेली गाडी धक्क्याजवळ मागे घेत होते. गाढव बिथरलं. चाक मागे गेलं आणि टायगच्या होडीचं नाक भिंतीत आणि चाकात सापडलं. कड् असा आवाज झाला. कापड फाटलं नाही, जरासुद्धा नाही. आत वाकून हात घातला, तर चार पट्ट्या मोडलेल्या, दोन फासळ्यांना चीर. तो गावात नव्हता. मी डांबराचा डबा आणला आणि आतून थापलं. काळ्यात काळं. दिसेना.

सांगणार होते. तू म्हणशील, भ्यायलीस कशाला, टायग काही हात उगारणारा नव्हता. नव्हताच. ओरडणाराही नव्हता. तो हसणारा होता. त्या गाण्याला त्यानं आणखी एक कडवं लावलं असतं आणि सगळ्या बेटानं ते पुढची चाळीस वर्षं म्हटलं असतं. प्रत्येक लग्नात माझ्याकडे बघत. तुम्हा दोघांनाही हसल्याशिवाय बोलता येत नाही, आणि ज्याच्यावर हसता त्याला काय होतं ते तुम्हाला कधी कळत नाही. मी म्हटलं, रविवारी सांगेन, मिस्सा झाल्यावर, त्याचा मूड चांगला असतो. तो शनिवारी गेला.

होडी चौथ्या दिवशी वाळूवर आली, पालथी. पुरुष उलटायला पुढे झाले. मीच म्हटलं, रीत आहे, हात लावू नका. सगळे टोप्या काढून मागे सरले. बारा वर्षं ती रीतच मला झाकून बसली आहे.

लाटेनं नेला की मी, मला माहीत नाही. पण ते नाक मी चाचपलं आहे. आत सगळं तसंच आहे, वर तुझ्या शहाणपणाचं नवं कापड. बंदरात चालेल. खडकाजवळच्या लाटेत दुमडेल.

मूर्नाला तू सांग. माझ्या तोंडून ऐकताना तिचा चेहरा मला बघवणार नाही. बोटीवरून उतरलास की माझ्याकडे बघ. मला कळेल.

नेसा


गॉलवे, ३० जुलै

(कार्ड, मागे बंदराचं चित्र)

नेसे! डब्लिनच्या उकाड्याला कंटाळून कालच निघालो. इथे एका मित्राच्या घरी आहे, त्याच्या बायकोच्या हातचं खातो आणि व्याख्यानात सुधारणा करतो. इथे धुकं आहे, मंगळवारची बोट सुटणार नाही म्हणतात, तेव्हा हे कार्ड आणि मी बहुधा एकाच बोटीनं येऊ आणि तू आधी कार्ड वाचशील की मला, असा पेच पडेल. चहा तयार ठेव.

को.


डब्लिन, १० ऑगस्ट

नेसा,

काल रात्री घर उघडलं. दाराखाली तुझं पत्र पडलं होतं. एक तारखेचा शिक्का.

म्हणजे मी वाचलं नव्हतं. हे तुला एव्हाना कळलं असेल की नाही, मला ठाऊक नाही. सोमवारी निघताना तुझ्या दाराला आतून कडी होती आणि मी ती वाजवली नाही. म्हणून त्या तीन दिवसांत मी काय पाहत होतो ते लिहितो. तू दुसऱ्या बाजूनं पाहिलंस, माझी बाजू तुला माहीत असायला हवी.

शुक्रवारी बोटीवरून उतरलो. तू गर्दीच्या पुढे उभी होतीस, हात छातीशी घट्ट धरून, आणि माझ्याकडे अशी पाहत होतीस की मला हसू आलं. मला पंधरा तारखेचं तुझं पत्र आठवलं, आणि मी दिलेलं वचन. वेल्सच्या सोळा माणसांसमोर मी ओरडलो, "नेसाची सगळी पापं माफ! आता चहा!" तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, भावाला पाहून.

आता मला माहीत आहे की तू त्या क्षणी काय ऐकलंस.

मूर्ना दोन दिवस तुझ्याशी नीट बोलली नाही, कारण ती पाहुण्यांचे बिछाने घालत आणि ब्रिटनीच्या पावेवाल्यांना दूध पोहोचवत पळत होती. तू समजलीस, तिला कळलं आहे. रविवारी सकाळी धक्क्यावर तू माझी बाही ओढून विचारलंस, "तू बोललास ना तिच्याशी?" मी म्हटलं, "बोललो की. सगळं सांगितलं." शनिवारी मी तिला खडकाच्या आतल्या बाजूनं वळायचं की बाहेरच्या, यावर तासभर उपदेश केला होता. तू डोळे मिटलेस. मी तुझ्या पाठीवर थाप मारली. देवा, मी थाप मारली.

मग होड्या आल्या. तिघी तिघी मुली होडी डोक्यावर उलटी घेऊन, खाली नुसते सहा पाय, काळे भुंगे चालत यावेत तशा. तिसरी टायगची होती. तुझ्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं आणि म्हटलं, हिला अजून भीती वाटतेच आहे. होड्या खाली ठेवल्या. फादरनी पाणी शिंपडलं. मुलींनी एकेक होडी पाण्याच्या कडेशी उजवीकडून एक फेरा फिरवायला घेतली, आणि मी शेजारच्या वेल्सच्या शिक्षकाला सांगू लागलो की यालाच आमच्या संस्कृतात प्रदक्षिणा म्हणतात, सूर्य ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेनं, शुभ असतं. तो वहीत लिहून घेत होता. मूर्ना तुझ्याकडे धावत आली, तुझा मुका घेतला आणि म्हणाली, "आई, आज बाबांची होडी जिंकणार बघ!"

हसत म्हणाली. तेव्हा तुला कळलं की तिला काही माहीत नाही.

तू मासे कापायच्या फळीवरून सुरी उचललीस ते मी पाहिलं नाही. ओर्लाची किंकाळी ऐकली. वळलो तर तू गुडघ्यावर होतीस आणि होडीचं नाक वरपासून खालपर्यंत फाडत होतीस, एक कापड, मग दुसरं. सगळ्यांत आधी मी पोहोचलो. तुझं मनगट मी पिरगाळलं. "हिचं डोकं फिरलंय, धरा हिला!" हे वाक्य माझं आहे. तू मला पाहत होतीस, आणि मला आता माहीत आहे की तू मला काय समजत होतीस: सगळं वाचूनही मुलीला पाण्यात सोडणारा माणूस.

"मी मोडली," तू म्हणालीस. "बारा वर्षांपूर्वी. गाडीच्या चाकानं. त्याला सांगितलं नाही."

बार्टली खाली बसला. फाटलेल्या भागात त्यानं कोपरापर्यंत हात घातला, बराच वेळ चाचपलं, आणि बाहेर काढला तो एक हातभर पट्टीचा तुकडा घेऊन. मोडलेल्या टोकात जुनं डांबर मुरलेलं होतं. त्यानं टोपी काढली. मग एकेक करून सगळ्यांनी काढल्या. भिंतीपलीकडे ब्रिटनीचे पावेवाले वाजवतच होते, त्यांना कुणी जाऊन सांगितलंच नाही.

मूर्नानं तो तुकडा बार्टलीच्या हातून घेतला आणि वर गावाकडे चालू लागली. मी हाक मारली. तिनं मागे पाहिलं नाही.

तू माझ्या भाचीला वाचवलंस. जुन्यावर नवं कापड ताणा, ही युक्ती माझी. गेली तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या ग्रंथांतल्या चुका शोधून त्यावर पोट भरतो, आणि बार्टलीनं एका चिलिमीत जी सांगितली ती मला दिसली नाही. तू पंधरा तारखेला सरळ विचारलंस, मी गोमूत्राचे विनोद केले.

मी क्षमा मागत नाही. ती मी फार स्वस्तात वाटून टाकली आहे. मूर्ना कशी आहे तेवढं कळव.

कोल्मान


इनिशवर्ना, २४ ऑगस्ट

दादा,

तू वाचलं नव्हतंस, हे मला त्याच रात्री कळलं होतं. तुला नाटक जमत नाही. दार उघडलं नाही ते तुझ्यासाठी नव्हे.

मूर्ना ग्रोन्याच्या घरी राहते. शर्यत झाली. पाहुणे इतक्या लांबून आले होते. बार्टलीच्या होडीत ओर्ला आणि ग्रोन्या बसल्या, तिसरी स्कॉटलंडची एक मुलगी घेतली. कोण जिंकलं मला माहीत नाही. चिटणीसपदाचा राजीनामा दिला, तो कुणी घेतला नाही आणि कुणी परतही केला नाही.

लोक वाईट वागत नाहीत. दुकानात गेले की बोलणं थांबतं, मी निघाले की सुरू होतं. फादर या रविवारी जेवायला आले नाहीत. टायगच्या आईच्या बहिणीनं नवे बटाटे दाराशी ठेवले होते, झाकून. आत यायला सांगितलं तर म्हणाली, घाई आहे. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, तिला कसली घाई?

होडी मूर्नानं शाळेमागे नेली आहे. रोज थोडं थोडं कापड सोलत होती. रीतीचं नाव आता कुणी काढत नाही. सगळं सोलून झालं तेव्हा, म्हणजे शनिवारी, ती घरी आली. बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हात स्वच्छ धुतलेले होते.

"गुरुवारी मोडली?"

"गुरुवारी."

"आणि बाबा शनिवारी गेले."

"हो."

"त्या शनिवारी मीही जाणार होते."

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"अकरा वर्षांची होते. खेकड्यांच्या टोपल्या उचलायला न्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. बूट घातले होते मी. पावाची पुरचुंडी हातात होती. तू या इथे, या दारात, मला धरलंस. कपाळाला हात लावलास आणि म्हणालीस, हिच्या अंगात कणकण आहे, हिला नेऊ नको. बाबा म्हणाले, बरी तर दिसते. तू म्हणालीस, नाही म्हणजे नाही. मी रडले. ते हसत हसत गेले. मला ताप नव्हता, आई."

दादा, तुला लिहिलेल्या पत्रात हे नव्हतं. मी ते लपवलं नव्हतं. ते मला आठवतच नव्हतं, किंवा आठवत नाही असं मी बारा वर्षं रोज उठून ठरवत होते. तिनं सांगितलं आणि माझ्या तळहाताला तिचं कपाळ लागलं. गार होतं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

मी तिला खरं ते सांगितलं. तू एकदा लिहिलंस ना, लपवलेलं वाढतं आणि बोललेलं कमी होतं म्हणून. कमी झालं नाही. पण सांगितलं.

"त्याला अडवण्याइतकं माहीत नव्हतं," मी म्हटलं. "तुला न पाठवण्याइतकं होतं."

नेसा